पोटापाण्याचं

एल आल्तोला झाडं फार वर जात नाहीत.
वारा जाऊ देत नाही.
पान गळताना बघायचं असेल
तर मला चाळीसच्या भिंगाखाली बघावं लागतं.
नमुना ताजा हवा, जरासा कोमट.
मग एखादा जिआर्डिया दिसतो,
कलंडत, पालथा होत, पुन्हा उताणा,
खाली खाली येत राहिलेला
आणि कुठेच न टेकलेला.
दोन केंद्रकं, दोन डोळ्यांसारखी.
पहिल्या वर्षी वाटायचं, हा माझ्याकडे बघतोय.
आता वाटत नाही.

नमुने येतात जॅमच्या बरण्यांतून,
काडेपेटीतून,
एकदा चेहऱ्याला लावायच्या क्रीमच्या डबीतून.
"घट्ट बसणारं झाकण घरात एवढंच होतं,"
दोन्या एउलालिया म्हणाली,
आणि डबी परत मिळेल का, असं विचारलं.

मलमलीतून गाळायचं,
नळी यंत्रात गरगर फिरवायची,
तळाच्या गाळावर जस्ताचं पाणी ओतायचं
आणि हात मांडीवर ठेवून बसायचं.
हलकं असतं ते वर येतं.
आयोडिनचा थेंब पडला की कोश पिवळसर होतात,
फिक्या चहासारखे.
आत चार ठिपके. तीन दिसले तर
चौथा दिसेपर्यंत स्क्रू फिरवायचा.

विल्मेर, आमचा शिकाऊ,
बाराव्या क्षेत्रालाच मान चोळायला लागतो
आणि लिहितो: काही नाही.
मी त्याला परत बसवते.
'काही नाही' हे वाक्य
तिसाव्या क्षेत्रानंतरच लिहायचं असतं.

गल्लीत म्हणतात, एर्मेलिंदा सगळ्यांनाच पाण्यात पाहते.
खरं आहे. पगारच त्याचा मिळतो.
मंगळवारी टँकर भोंगा वाजवत येतो,
दारोदारची पिंपं भरतात,
जूनमध्ये सकाळी त्यांवर बर्फाची साय धरते.
थंडी त्या कोशांना मानवते.
आणि पाणी इथं, इतक्या उंचावर,
तापण्याआधीच उकळल्याचं सोंग करतं;
बुडबुडे आले की बायका भांडं उतरवतात.
गॅस महाग आहे. मी त्यांना काय सांगू?
सांगते तरी.

दर आठवड्याला एक नळी निर्दोष लागते,
बाकीच्या नळ्या तिच्याशी ताडून बघायच्या.
अकरा वर्षं ती माझी.
चिठ्ठीवर नाव नसतं, नुसतं शून्य.
माझं पोट कधी दुखलं नाही,
हात मी कोपरापर्यंत धुते.

या शुक्रवारी विल्मेर एकोणिसाव्या क्षेत्रावर थांबला.
बोलला काहीच नाही.
उठला, आणि खुर्ची माझ्याकडे सरकवली.

एक. दोन. तीन.
स्क्रू फिरवला.
चार.

नवी काच घेतली, नवी बाटली फोडली,
नळीवरची चिठ्ठी दिव्याखाली धरून वाचली.
शून्यच होतं, माझ्याच हातचं,
वरून जरा उघडं राहिलेलं, मी काढते तसं.

मग बहिणीचा मुलगा आठवला,
गेल्या कार्निव्हलला माझ्या बोटावरची आपी चाटणारा,
जांभळी मिशी आलेला.
मार्चमध्ये तो वाळत गेला होता.
बहिणीला मी पिंपावरून किती बोलले होते,
आणि तिने ऐकून घेतलं होतं.

रजिस्टर ओढलं. दोनशे अठरा.
नाव: एर्मेलिंदा पोमा. वय: त्रेपन्न.
पाणी कुठलं, या रकान्यापाशी
पेन थांबलं, शाईचा ठिपका पडला.
पाचवा, असं काहीतरी मनात आलं.
लिहिलं: पिंप. दारातलं. निळं.

बाहेर वाऱ्याने पत्रा वाजत होता.
विल्मेर नळ्या विसळत होता, गरजेपेक्षा जास्त वेळ.
"पुढच्या आठवड्याला शून्य कोण?" मी विचारलं.
त्याने नळ बंद केला,
ओले हात कोटाला पुसले,
आणि पुन्हा नळ सोडून
ते धुवायला लागला.